ऋतू सरकले, द्रव्यसंग्रहाचे काय?

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत परीक्षेच्या निमित्ताने अभ्यासला आहे. वायू, उदक, देश व काल या चार भावांची विकृती, त्यांतील उत्तरोत्तर दुष्परिहार्यता आणि सर्वांच्या मुळाशी असलेला प्रज्ञापराध, एवढे लिहिले की पूर्ण गुण मिळत. परंतु या अध्यायाचा प्रारंभ ज्या प्रसंगाने होतो, त्याकडे आपले बहुधा दुर्लक्षच झाले. पांचाल देशातील काम्पिल्य नगरी, गंगेचा तीर आणि ग्रीष्माचा शेवटचा काळ. भगवान पुनर्वसू आत्रेय शिष्यांसह वनात विहार करीत असताना अग्निवेशाला सांगतात की नक्षत्रे, ग्रह, सूर्य, चंद्र, वायू व दिशा यांची लक्षणे ऋतूला धरून नाहीत. लवकरच भूमी औषधींना त्यांचे रस, वीर्य, विपाक व प्रभाव यथावत् देणार नाही. म्हणून भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी गोळा करून ठेवावीत.

म्हणजे साथीच्या रोगांची चिकित्सा सांगण्याआधी आचार्यांनी सांगितली ती द्रव्यसंग्रहाची तजवीज. रोग येणार हे दिसत असताना त्यांना पहिली चिंता वाटली ती कोठारातील औषधाची.

चरकाचार्यांना आजचा हवामानबदल ठाऊक होता, असे प्रतिपादन करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. अशा दाव्यांनी शास्त्राचा गौरव होत नाही, उलट हसे होते. मात्र काल बिघडला की द्रव्य बिघडते आणि द्रव्य बिघडले की वैद्य निःशस्त्र होतो, ही साखळी आपल्या ग्रंथकारांनी स्वच्छ पाहिली होती. गेल्या काही वर्षांत ती आमच्या लहानशा निर्माणशाळेच्या गोदामात मला स्वतः पाहावी लागली. त्याविषयी वैद्यबंधू व औषधीनिर्माते यांच्यापुढे काही निवेदन करावयाचे आहे.

बाळहिरड्याची गोष्ट

आमच्याकडे गंधर्वहरीतकी बऱ्याच प्रमाणात तयार होते. त्यासाठी लागणारा बाळहिरडा आम्ही अनेक वर्षे पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील, आंबेगाव तालुक्यातील काही महादेव कोळी कुटुंबांकडून थेट घेतो. जुन्नर, आंबेगाव व खेड या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात हिरडा हे तेथील लोकांचे प्रमुख रोख उत्पन्न आहे. खरिपाच्या भाताचे बी-खत आणि शाळा उघडण्याच्या वेळची वह्या-पुस्तके हिरड्याच्याच पैशांतून येतात. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, बाठा धरण्यापूर्वीचे कोवळे फळ झाडावरून उतरवावयाचे आणि कातळावर, अंगणात किंवा घराच्या कौलांवर पसरून कडक उन्हात वाळवावयाचे, ही रीत. नीट वाळलेला बाळहिरडा मुठीत घेऊन हलविला तर खड्यांसारखा वाजतो, आणि फोडला तर आत काळाभोर, घट्ट व चकचकीत दिसतो. या वाळवणाला सलग उन्हाचे दिवस लागतात. मधे एक सर आली तरी वरची साल सुकलेली आणि आतला गर ओलसर अशी अवस्था होते, आणि असा माल पुढे कितीही वाळविला तरी पहिली जात येत नाही.

२०२५ साली नैर्ऋत्य मोसमी वारे २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचले. मुंबईची सर्वसाधारण तारीख ११ जून. इतके लवकर आगमन मुंबईच्या नोंदींत पूर्वी नव्हते. त्याआधीही मे महिन्यात राज्यभर पूर्वमोसमी पावसाने ठाण मांडले होते. हिरडा कातळावर होता तेव्हाच हे घडले.

आमच्याकडे आलेल्या गोणी वरून ठीक वाटल्या. तिसऱ्या दिवशी तोंड सोडले तेव्हा आत पांढरी बुरशी धरली होती आणि गोणीत हात घातला तर ऊब लागत होती. मी माल परत केला. शास्त्राच्या दृष्टीने दुसरा मार्गच नव्हता. ज्या मावशींनी तो आणला होता त्या शांतपणे म्हणाल्या, "वैद्यबुवा, हिरडं आमचं वाईट नाय. ऊनच आलं नाय, त्याला आम्ही काय करायचं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे कळले ते अधिक अस्वस्थ करणारे होते. तोच माल आठवड्याच्या बाजारात एका व्यापाऱ्याने निम्म्याहून कमी भावाने उचलला आणि आदल्या वर्षीच्या सुक्या मालात मिसळून पुढे पाठविला. माझ्या काटेकोरपणामुळे बुरशी लागलेला हिरडा वैद्यकाच्या बाहेर गेला, असा माझा समज होता. वस्तुतः तो माझ्या दारातून निघून दुसऱ्या कोणाच्या तरी दारात गेला. कदाचित हा लेख वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या गोदामातही तो पोहोचला असेल.

याच पट्ट्याने ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाचा तडाखा सोसला होता. रायगडच्या किनाऱ्यावर आलेले ते वादळ घाट चढून वर आले. त्यात झाडांवरचा आणि वाळवणातला हिरडा गेला, शिवाय जुने वृक्ष मोडून पडले. एका वर्षाचे पीक बुडाले तर पुढच्या वर्षी भरून निघते, पण हिरड्याचा मोठा वृक्ष उभा राहावयास एक पिढी लागते. हिरडा हे शेतातले पीक नसल्यामुळे नुकसानभरपाई कोणत्या नियमात बसवावयाची, यावरच प्रथम घोळ झाला आणि तेथील आदिवासी बांधवांना त्यासाठी दीर्घ काळ आंदोलने करावी लागली. त्या वर्षी आपल्यापैकी किती औषधीनिर्मात्यांनी हिरड्याचा भाव वाढला यापलीकडे त्याची दखल घेतली, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. मीही घेतली नव्हती.

पंचांगातील ऋतू आणि अंगणातील ऋतू

द्रव्यसंग्रहाचा काल हा आपल्या शास्त्राने गौण मानलेला विषय नव्हे. चरकाचार्य कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात कोवळ्या शाखा व पाने वर्षा आणि वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, त्वचा, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात आणि फुले-फळे ज्याच्या त्याच्या ऋतूत घ्यावीत असे सांगतात. सुश्रुताचार्य भूमिप्रविभागीय अध्यायात याहून काहीसा वेगळा क्रम पूर्वपक्ष म्हणून मांडतात आणि तो न स्वीकारता सौम्य द्रव्ये सौम्य ऋतूंत व आग्नेय द्रव्ये आग्नेय ऋतूंत घ्यावीत असे मत देतात. शार्ङ्गधर व्यवहारी आहेत. सर्व कार्यांसाठी शरदात सरस औषधे घ्यावीत आणि वमन-विरेचनाची वसंताच्या अखेरीस, असा सुटसुटीत नियम त्यांनी घालून दिला आहे. तपशिलात मतभेद आहेत, पण ऋतू स्थिर आहे हे तिघांनीही गृहीत धरले आहे. आश्विन आला की आकाश निरभ्र होणार आणि ऊन तापणार, याविषयी कोणाला शंका नव्हती.

आज ती बाळगावी लागते. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या आगमन-निर्गमनाच्या सर्वसाधारण तारखाच सुधारल्या. मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली, आणि वायव्य भारतातून माघार सुरू होण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर. हा बदल सरासरीतला झाला. प्रत्यक्षात २०१९ साली माघारीला ९ ऑक्टोबर रोजी प्रारंभ झाला, जो तोवरच्या नोंदींतील सर्वांत उशिराचा होता. त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस अरबी समुद्रात 'क्यार' आणि पाठोपाठ 'महा' ही चक्रीवादळे आली आणि महाराष्ट्रातील सोयाबीन, भात, बाजरी व द्राक्षे यांची दैना झाली. शेतीच्या हानीची चर्चा वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाली. कुड्याची साल त्याच दिवसांत काढतात, याचा उल्लेख मात्र कोठे वाचावयास मिळाला नाही. शरदातील त्वचा शास्त्राने उत्तम म्हटली ती झाडाच्या अवस्थेमुळे, आणि तिला उत्तम ठेवणारे होते ते शरदातले ऊन. साल काढली आणि पाऊस थांबला नाही तर शास्त्रोक्त काळी घेतलेले द्रव्यही काळवंडते.

अरबी समुद्राविषयी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास बोलका आहे. १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात तेथील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्राचे पाणी तापल्याने वादळांना मिळणारे बळ वाढले आहे. याच संस्थेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले होते की मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. आणि केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ दरम्यान देशातील मोसमी पाऊस एकूण सुमारे ६ टक्क्यांनी घटला. ही घट विशेषतः गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात आहे. पाऊस घटतो आणि अतिवृष्टी वाढते, हे ऐकताना विसंगत वाटते. पण चरकोक्त कालविकृतीची व्याख्या आठवावी. ऋतूच्या स्वलक्षणांचा अतियोग, हीनयोग किंवा विपर्यय, म्हणजे विकृत काल. येथे तर तिन्ही एकाच वर्षात भेटतात.

मग वैद्याने कोणता ऋतू धरावयाचा? याचे उत्तर वृद्धवाग्भटांनी देऊन ठेवले आहे. अष्टांगसंग्रहात ते ऋतू ओळखण्याची मास, राशी व स्वरूप अशी तीन लक्षणे सांगतात आणि त्यांत उत्तरोत्तर बलवान मानतात. महिन्यापेक्षा राशी आणि राशीपेक्षा प्रत्यक्ष स्वरूप श्रेष्ठ. ऋतुचर्येच्या संदर्भातील हे वचन द्रव्यसंग्रहालाही लावावे, असे माझे नम्र मत आहे. आपल्या खरेदीच्या तारखा वर्षानुवर्षे महिन्यांवर ठरलेल्या असतात. हिरडा जूनमध्ये, कुडा नोव्हेंबरमध्ये, आवळा डिसेंबरमध्ये. आडत्याला दूरध्वनी करावयाची तारीखसुद्धा दिनदर्शिकेवर खूण करून ठेवलेली असते. झाडाचे आणि आभाळाचे स्वरूप आपल्यापैकी कोणीच पाहत नाही. ते पाहतात गोळा करणारे. औषधींची ओळख गुराखी, तापस, व्याध व वनचर यांच्याकडून करून घ्यावी असे सुश्रुताचार्य सांगतात ते याच कारणाने.

शेतातली द्रव्येही सुटलेली नाहीत

वनौषधींचा प्रश्न शेतीपासून वेगळा काढता येत नाही, कारण आपल्या कच्च्या मालातील कित्येक द्रव्ये आता शेतातच पिकतात. अश्वगंधाच घ्या. नीमच-मंदसौर या मध्यप्रदेशी पट्ट्यात ती पावसाळ्याच्या उत्तरार्धात पेरतात आणि हिवाळा सरता सरता मुळे खणतात. हलकी, निचऱ्याची जमीन आणि कोरडा हिवाळा तिला मानवतो. पेरणीनंतर पाणी साचले तर रोपे कुजतात आणि काढणीच्या वेळी पाऊस आला तर मुळे काळी पडतात. सप्टेंबर २०१९ मध्ये याच भागात महापूर आला होता. त्यानंतरच्या हंगामातील मुळे कोणत्या प्रतीची होती, हे ज्यांनी ती चूर्ण केली त्यांना आठवत असेल.

द्राक्षासवासाठी मनुका लागतात. तासगाव-सांगलीकडे बेदाणा शेडमध्ये, ताणलेल्या जाळ्यांवर साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात वाळतो. या दिवसांत गारपीट किंवा अवकाळी पाऊस झाला की बेदाणा काळा पडतो आणि भाव कोसळतो. असा काळा पडलेला स्वस्त बेदाणा आसवासाठी उचलण्याचा मोह अनेकांना होतो. रंग आसवात कोठे दिसतो, हा युक्तिवाद मी स्वतः ऐकला आहे. संधानाच्या बिघाडाची कारणे शोधताना मग आपण धायटीची फुले, पिंप आणि कारागीर यांना दोष देत बसतो.

हिमालयाची स्थिती वेगळी आणि अधिक गंभीर आहे. आरोग्यवर्धिनीत कुटकी इतर सर्व द्रव्यांच्या एकत्रित वजनाइतकी पडते, म्हणजे प्रत्येक गोळीचा निम्मा भाग कुटकीचा. ही वनस्पती वृक्षरेषेच्या वर, अल्पाइन कुरणांत वाढते. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या त्याच अहवालात हिंदुकुश-हिमालय प्रदेशाचे तापमान १९५१ ते २०१४ या काळात सुमारे १.३ अंश सेल्सिअसने वाढल्याची नोंद आहे. तापमान वाढले की थंडीला सरावलेल्या वनस्पती अधिक उंचीकडे सरकतात. परंतु डोंगर वर निमुळता होत जातो, आणि शिखराच्या पुढे सरकावयास जागा नसते. कुटकी व जटामांसी या दोन्ही १९९७ पासून साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत आणि कुष्ठ तर १९८५ पासून पहिल्या परिशिष्टात आहे. म्हणजे या वनस्पती हवामानाची झळ लागण्यापूर्वीच अतिसंकलनाने जर्जर झालेल्या होत्या.

हे स्पष्ट म्हणावयास हवे. प्रत्येक ऱ्हासाचे खापर हवामानावर फोडणे ही एक सोयीची पळवाट होऊन बसली आहे. कंद उपटला की वनस्पती मरते, त्याला तापमानवाढ लागत नाही. साल सर्व बाजूंनी सोलली की अशोक वाळतो, त्यालाही नाही. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ आणि भारतीय वानिकी संशोधन व शिक्षा परिषद यांच्या विद्यमाने झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २०१४-१५ सालची देशातील वनौषधींची मागणी सुमारे ५,१२,००० टन आणि व्यापारातील जाती १,१७८ आढळल्या. यांतील २४२ जातींचा व्यापार प्रत्येकी वर्षाला १०० टनांहून अधिक. एवढी मागणी आपण निर्माण केली आहे. हवामानबदल तिच्यावर आघात करतो तेव्हा तो आधीच दुबळ्या झालेल्या शरीरावरचा आघात असतो. व्याधिक्षमत्व गेलेल्या रुग्णाला साधा ज्वरही मारक ठरतो, हे आपल्याला सांगावयास नको.

भूमी विरस होते म्हणजे काय

आत्रेयांच्या इशाऱ्यातील सर्वांत गूढ भाग म्हणजे द्रव्य बाहेरून तेच दिसेल आणि आत रसवीर्य यथावत् असणार नाही. याला आधुनिक प्रयोगांतून काही पुष्टी मिळते, पण ती जपून वाचावयास हवी. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील शेतांवर केलेल्या प्रयोगांच्या संकलनात असे आढळले की हवेतील कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत सुमारे ५५० भाग इतका वाढविला तर गव्हातील जस्त ९.३ टक्क्यांनी आणि लोह ५.१ टक्क्यांनी कमी होते. आज हे प्रमाण ४२० च्या पुढे गेले आहे आणि वाढतच आहे. म्हणजे शेतात गहू तोच दिसेल आणि रुग्णाला मिळणारे पोषण मात्र कमी असेल.

औषधींच्या बाबतीत दिशा नेहमी ऱ्हासाचीच असेल असे नाही. अमेरिकेतील एका जंगलात केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 'पॉयझन आयव्ही' ही त्वचेवर फोड आणणारी वेल वाढीव कार्बन डायऑक्साइडमध्ये अधिक जोमाने वाढली आणि तिचे विष अधिक तीव्र झाले. ही वेल आपल्या बिब्ब्याच्याच कुळातली आहे. यावरून बिब्ब्याचेही तसेच होईल असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. परंतु शोधन व मात्रा यांविषयी जो कडक दंडक आपल्याकडे आहे तो सैल करण्याचा हा काळ नव्हे, एवढे खास. पाण्याच्या ताणाने काही वनस्पतींतील कार्यकारी घटक वाढतात, काहींतील घटतात. अतिवृष्टीत वाढलेली मुळे फुगीर दिसतात आणि वजनाला भरतात, पण सुकल्यावर उतरतात. थोडक्यात, एकाच नावाचे द्रव्य दोन वर्षी दोन प्रकारचे असू शकते. मागील वर्षी तीन ग्रॅम मात्रेने येणारा गुण यंदा आला नाही, तर रुग्णाच्या कोष्ठाबरोबर द्रव्याच्या वर्षाचाही विचार करावा लागेल.

हा विचार करावयाचा तर नोंद हवी, आणि येथेच आपली पंचाईत होते. आमच्या निर्माणशाळेतील कच्च्या मालाचे रजिस्टर मी २०२५ च्या पावसाळ्यात पुन्हा चाळले. पुरवठादाराचे नाव, बिलाचा क्रमांक, मालाची आवक तारीख, वजन, दर, तपासणीचा निष्कर्ष, सर्व काही व्यवस्थित. द्रव्य कोठल्या जमिनीतून, कोणत्या दिवशी काढले याला मात्र रकानाच नव्हता. जी गोष्ट चरक-सुश्रुतांनी अध्याय खर्ची घालून सांगितली, ती विचारावयाची आमच्या रजिस्टरला आठवणही राहिली नव्हती. तेव्हापासून आम्ही चार रकाने वाढविले: संग्रहाचे गाव, संग्रहाची तारीख, वाळवणाचे दिवस व त्या दिवसांतील पाऊस, आणि गोळा करणाऱ्याचा शेरा. बाजारातून येणाऱ्या मालासाठी हे रकाने रिकामेच राहतात. ते रिकामे दिसतात, हाच त्यांचा पहिला उपयोग. किती द्रव्यांविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही, हे पानोपान कळते.

दुसरा उपाय वाळवणाचा. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शोधनाला अयोग्य ऋतूत आत्ययिक कर्म करावे लागल्यास कृत्रिम उपायांनी ऋतूचे गुण निर्माण करावेत असे सांगितले आहे. उन्हाळ्यात शीतगृह आणि हिवाळ्यात उष्णगृह, हा त्याचा आशय. हीच दृष्टी हिरड्याला लावली. डोंगरात पारदर्शक प्लॅस्टिकच्या आच्छादनाचा, खालून-वरून हवा खेळेल असा साधा सौर वाळवणमांडव उभा केला. बांबू त्यांचे, आच्छादन आणि जाळ्या आमच्या. भर पावसात त्याचा उपयोग मर्यादितच आहे. आभाळ सलग आठ दिवस गच्च राहिले तर मांडवही हात टेकतो, आणि वाऱ्याने एकदा आच्छादन फाटले तेही सांगावयास हवे. तथापि अधूनमधून येणाऱ्या सरींपासून माल वाचतो. बाळहिरड्याच्या बाबतीत बहुतेक नुकसान अशाच सरींनी होते.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि ती बोलण्यास आपण संकोचतो. भाव आवकेनंतर ठरत असेल तर पावसाची सर्व जोखीम गोळा करणाऱ्यावर पडते. मग ओला माल घाईने विकण्याखेरीज त्याला गत्यंतर नसते आणि तोच माल फिरून आपल्याकडे येतो. हंगामापूर्वी ठरलेला भाव, काही रक्कम आगाऊ, आणि भिजलेला माल वेगळा ठेवल्यास त्याचीही काही किंमत, अशी व्यवस्था आम्ही मर्यादित प्रमाणात सुरू केली आहे. भिजलेला हिरडा आम्ही औषधात घेत नाही. तो रंगकाम व कातडे कमावण्याच्या कामी जाऊ शकतो. औषधाच्या वाटेवर तो परत येऊ नये यासाठी ही किंमत आम्ही मोजतो. यात आमचा खर्च वाढला, हे मान्य. चूर्णाच्या डबीमागे वाढलेली रक्कम रुग्णाला सांगितली तर तो समजून घेतो असा अनुभव आहे. घाऊक विक्रेत्यांचा अनुभव तितका चांगला नाही.

या दिशेने महाराष्ट्रात काम झालेले नाही असे नव्हे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने सह्याद्रीत हिरडा व बेहडा यांचे फेअरवाइल्ड मानकांनुसार शाश्वत संकलन गावकऱ्यांच्या सहभागाने उभे केले आहे. बेहड्याच्या जुन्या वृक्षांच्या ढोलीत मोठा धनेश घरटे करतो, म्हणून ते वृक्ष राखण्यात पक्ष्याचेही रक्षण झाले. त्या फळांना परदेशी खरेदीदार अधिक भाव देऊन घेऊन जातो आणि त्रिफळा रोज लिहून देणारे आपण मात्र आडत्याच्या गोणीवर समाधान मानतो, याचा विषाद वाटल्यावाचून राहत नाही.

राहिला साठ्याचा प्रश्न. आत्रेयांनी सांगितलेला उपाय अक्षरशः अमलात आणावयाचा तर चांगल्या वर्षी अधिक माल घेऊन ठेवावा लागेल. परंतु शार्ङ्गधरांनी चूर्णादिकांच्या वीर्याला कालमर्यादा घातली आहे, आणि काष्ठौषधीही वर्षानंतर हीनवीर्य होते हा सामान्य नियम आहे. अनियंत्रित साठा हा उपाय होऊ शकत नाही. आम्ही सध्या बाळहिरडा, वावडिंग व पिंपळी यांचा दीड हंगामापुरता साठा हवाबंद पिंपांत, अखंड स्वरूपात ठेवतो आणि चूर्ण मागणीनुसार करतो. दमट महिन्यांत दर पंधरवड्याला पिंप उघडून आर्द्रता मोजली जाते. ज्यांच्याकडे आर्द्रतामापक नाही त्यांनी निदान मुठीत घेऊन वाजवून पाहावे. प्रतिनिधी द्रव्यांचाही पुनर्विचार आवश्यक आहे. अतिविषेच्या अभावी मुस्ता घ्यावी असे भावप्रकाशकार सांगतात. हा पर्याय आपण कमीपणाचा मानतो, पण कळीदार अतिविष म्हणून भलताच कंद महाग भावाने घेण्यापेक्षा ओढ्याकाठची ताजी मुस्ता उघडपणे नाव लिहून वापरणे अधिक शास्त्रीय आहे. मात्र कुटकीच्या जागी कोणते द्रव्य सर्वार्थाने चालेल, याविषयी माझा निर्णय होत नाही. अनुभवी वैद्यांनी या अंकाच्या पत्रव्यवहारात आपले मत अवश्य कळवावे.

वर उल्लेख केलेल्या मावशींच्या घरी हंगामापूर्वी आगाऊ रक्कम देण्यासाठी गेलो असताना त्यांनी मोहोर दाखविला. "झाड यंदा लवकर फुललंय. तुमच्या वहीत लिवा," असे त्या म्हणाल्या. रजिस्टरच्या चौथ्या रकान्यात ती पहिली नोंद आहे.